सांगलीच्या परातीत फ्रेंच संत

हॉलंडला जाऊन आलेल्या माणसाने ट्यूलिपबद्दल बोलायचं असतं. मला ते जमणार नाही. आम्ही पोचलो जूनमध्ये, आणि तोवर ट्यूलिप आपला कार्यक्रम आटोपून जमिनीखाली विश्रांतीला गेले होते. पवनचक्की पाहिली, पण ती त्या दिवशी बंद होती, आणि बंद पवनचक्कीकडे पाहताना वीज गेलेल्या घरातल्या पंख्याकडे पाहिल्यासारखं वाटतं. चीज खाल्लं. ते चीजसारखं लागलं. एवढ्यासाठी कोणी हे वाचायला घेतलं असेल तर त्यांचं काम झालं. बाकीच्यांनी जरा जवळ सरकून बसावं, कारण मला एका फ्रेंच संताची गोष्ट सांगायची आहे. तो माझ्या थोरल्या बहिणीच्या तावडीत सापडला.

मी सांगलीत कापडाचं दुकान चालवतो आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकं करतो. आमचे दिग्दर्शक म्हणतात, मी दुकानात नाटक करतो आणि नाटकात दुकानदारासारखा वागतो. थोरली बहीण म्हणजे अक्का. पंचांग पाहिल्याशिवाय ती दूधसुद्धा विरजत नाही. तिचा मुलगा निखिल आइंडहोवनला कसलीशी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. ती यंत्रं काय करतात हे त्याने मला चार वेळा समजावलं आणि मी चारही वेळा टाळ्या वाजवल्या. तो राहतो जवळच्या न्यूनेन गावात. मार्चमध्ये त्याला मुलगी झाली. आजीशिवाय बारसं नाही असं ठरलं होतं, आणि आजीचा व्हिसा यायला जून उजाडला. बाराव्या दिवशीचं बारसं तिसऱ्या महिन्यावर गेलं. अक्काने पंचांग उघडलं आणि मुहूर्त काढला: रविवार, आठ जून, दुपारी.

मला सोबत म्हणून नेलं होतं. खरं सांगायचं तर मला परातीसाठी नेलं होतं. अक्काने बारशाच्या पुऱ्यांसाठी घरची मोठी परात बरोबर घेतली होती, आणि ती एकीला उचलवत नव्हती. विमानतळावरच्या यंत्रात ती परात उडत्या तबकडीसारखी दिसली. तिथल्या जवानाने विचारलं, "हे काय आहे?" अक्का म्हणाली, "नातीचं बारसं आहे." त्याने सलाम ठोकल्यासारखं करून आम्हाला सोडलं.

गुरुवार: उंदीर

न्यूनेन हे फार सज्जन गाव आहे. कुंपणं कातरलेली, सायकली पुसलेल्या, मांजरंसुद्धा हळू आवाजात बोलतात. एक जगप्रसिद्ध चित्रकार इथे दोनेक वर्षं राहून गेला. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण गावात दर कोपऱ्यावर तेवढंच लिहिलेलं आहे.

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात शेजारचे हेंक आले. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त चित्रकला शिक्षक, बायको जाऊन दोनेक वर्षं झालेली. अंगाने इतके उंच की दारातून आत आल्यावर थोडा वेळ त्यांचं येणं चालूच होतं. त्यांनी आधी निखिलचं अभिनंदन केलं, मग सायलीचं, म्हणजे सुनेचं, मग अक्काचं, आणि मग माझा हात धरून माझंही. ही तिथली पद्धत आहे. मुलगी झालेल्या घरात जो हाताला लागेल त्याचं अभिनंदन करायचं. माझा त्यात काही वाटा नव्हता, पण मी विनयाने स्वीकारलं.

त्यांच्या हातात ताटली होती. तीत गोल कडक टोस्ट, त्यावर लोणी आणि लोण्यावर गुलाबी-पांढऱ्या बारीक गोळ्या.

"आज्जी आल्या म्हणून पुन्हा आणले," निखिलने सांगितलं. "बाळ झालं की इथे हे वाटतात. या गोळ्यांना छोटे उंदीर म्हणतात."

अक्काने एक उंदीर जिभेवर ठेवला, चावला, आणि तिचे डोळे मोठे झाले.

"विन्या, अरे ही तर बाळंतशेप!"

खरंच तशीच चव होती. बडीशेपेच्या चुलत्याला साखरेत घोळवलेलं. हेंक म्हणाले की पूर्वी बाळंतिणीला दूध यावं म्हणून हे देत. अक्का सायलीकडे वळली. "बघ! मी फोनवर सांगत होते तेव्हा 'आई, त्याला काही सायंटिफिक बेसिस नाही.' आता हेंकराव सांगतायत."

"आई, पण ते पण सायंटिफिक नाहीये ना!"

पण अक्काचं मत झालं होतं. हेंकराव हा भला माणूस. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी मराठीत बोलू लागली आणि ते तिच्याशी डचमध्ये. मधे दुभाष्या म्हणून मी उभा. मला डच येत नाही. पण हेंकना बऱ्यापैकी इंग्रजी येतं आणि मला भरपूर अभिनय येतो.

शुक्रवार: रोज एक संत

हेंकनी आम्हाला कॉफीला बोलावलं. कॉफीबरोबर एक बिस्कीट मिळालं आणि लगेच डब्याचं झाकण लागलं. आमच्याकडे दुसरं घेतल्याशिवाय उठू देत नाहीत, तिथे दुसरं मागायची सोय नाही. अक्का मला मराठीत म्हणाली, "गरीब आहेत का रे?" मी हेंकना सांगितलं, "ती म्हणते, फार छान बिस्कीट आहे." डबा पुन्हा उघडला. भाषांतराचे फायदे असतात.

मग हेंकनी आम्हाला हात धुवायला लावले. साबणाने, मनगटापर्यंत. स्वतःही धुतले, टेबल कोरडं केलं आणि एक चपटी पेटी आणून ठेवली.

पेटीत संत होते. तीन-चारशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये छापलेली तळहाताएवढी चित्रं. प्रत्येक जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत कोपऱ्यांवर अडकवलेलं, खाली तारीख. वर्षाच्या एकेका दिवसाला एकेक संत. हेंकनी कृती समजावली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, मेणावर सुईने चित्र काढायचं, मग पत्रा तेजाबात ठेवायचा. सुईने उघड्या केलेल्या रेघा तेजाब खातं. त्या खोबणींत शाई भरायची आणि ओला केलेला कागद वर ठेवून दाबायचा. ते आणि मार्ग्रीत, म्हणजे त्यांची बायको, सुट्टीत फ्रान्सला जात आणि जुन्या बाजारांतून एकेक दिवस विकत घेत. सगळं वर्ष कधी जमलं नाही. पण जून पूर्ण झाला होता.

मी बरीच प्रदर्शनं पाहिली आहेत, पण इतका आनंद कुठे झाला नाही. एक संतीण ताटलीत स्वतःचे डोळे घेऊन उभी. पाहुण्यांपुढे तबक धरावं तशी. एकीच्या हातात सांडशी आणि सांडशीत दाढ. एकाला लोखंडी जाळीवर भाजत होते आणि त्याचा चेहरा दुसऱ्या बाजूनेही भाजा म्हणणाऱ्याचा. एक तर कापलेलं डोकं दोन्ही हातांत धरून चालला होता, आणि चेहऱ्यावर, म्हणजे हातांवर, बस चुकते की काय एवढीच काळजी.

अक्काला मात्र यात काहीच नवल वाटलं नाही. दाढवालीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "दाढदुखीला वेगळी देवी? चांगली सोय आहे." एका संताशेजारी कुत्रा होता, त्याला तिने हात जोडले आणि विचारलं, "दत्तगुरूंचे बाकीचे तीन कुठे गेले?"

हेंक खुलले. म्हणाले, हे दिवस अजून चालतात बरं का. इथे पांढऱ्या शतावरीचे कोंब भाजी म्हणून आवडीने खातात, पण चोवीस जूनला, संत योहानाच्या दिवशी, काढणी बंद. मग पुढच्या वर्षीपर्यंत नाव नाही. म्हणून त्याआधी घराघरांत नुसती तीच भाजी.

"कांदेनवमी!" अक्का म्हणाली. "चातुर्मासाच्या आधी आम्ही असेच कांद्यावर तुटून पडतो. सांग त्यांना."

मी सांगितलं. हेंकनी वहीत टिपून घ्यावं अशा चेहऱ्याने मान डोलावली. आणि मग अक्काने तो प्रश्न विचारला.

"बरं, आठ जूनला कोण?"

हेंकनी चित्र काढून ठेवलं. संत मेदार. धो धो पाऊस पडतोय, रेघांनी सगळं आभाळ भरलंय, मागे माणसं डोक्यावर कपडे घेऊन पळतायत, आणि मधोमध हा उभा. त्याच्या डोक्यावर एका गरुडाने पंख पसरलेले. जग भिजतंय आणि हा कोरडाठाक. पायाशी एक तपकिरी गोल वलय होतं. मला वाटलं विहीर आहे. अक्काला वाटलं डबकं आहे. हेंक म्हणाले, "ते... ती वेगळी गोष्ट आहे," आणि त्यांचे कान लाल झाले.

"याचं काय माहात्म्य?" अक्काने विचारलं.

"त्याच्या दिवशी पाऊस पडला," हेंक आनंदाने म्हणाले, "तर पुढे चाळीस दिवस पडतो."

मी भाषांतर केलं, आणि केल्याबरोबर पस्तावलो. अक्काचा रंग उतरला. आठ जून म्हणजे आपलं मृग नक्षत्र. आपल्याकडे त्या दिवसाकडे पावसासाठी डोळे लावून बसायचं, आणि इथे त्याच दिवशी, त्याच खात्याचा फ्रेंच मंत्री! बारसं बागेत होतं. निखिलचं घर डच घरासारखं घर आहे. खाली एक खोली, वर दोन, आणि त्यांना जोडणारा जिना असा की तो शिडीचा मुलगा असावा. पाहुणे चाळीस. पाऊस आला तर पाळणा कुठे बांधायचा?

"हे मला दोन दिवस घरी न्यायला देतील का विचार," अक्का म्हणाली. "मला त्यांच्याशी बोलायचंय."

"ती म्हणते," मी हेंकना म्हणालो, "तिला या संताचा अभ्यास करायचाय."

हेंकनी चित्राची चौकट पेटीच्या कडेशी सरळ केली. मग म्हणाले की सोमवारी गावच्या वाचनालयात या चित्रांचं प्रदर्शन आहे. जूनचे सगळे संत, भिंतीवर ओळीने. मार्ग्रीतची फार इच्छा होती, तिच्या हयातीत झालं नाही. चौकटी तयार आहेत. त्यामुळे मेदार सोमवारी सकाळी हवाच. पण एवढ्या वर्षांत कोणी यातल्या एकाचाही अभ्यास करतो म्हणालं नव्हतं. त्यांनी चित्र दोन पुठ्ठ्यांत घातलं आणि तान्हं मूल द्यावं तसं अक्काच्या हातांत दिलं.

शनिवार: बदकं

सकाळी हेंक मला सायकलवरून स्ट्रॉबेऱ्या आणायला घेऊन गेले. शेताच्या कडेला एक लाकडी टपरी, तिच्यात कोणी नाही, स्ट्रॉबेऱ्या ठेवलेल्या, शेजारी पैशांचा डबा. मी डब्याकडे, डब्याने माझ्याकडे पाहिलं. सांगलीला असा डबा ठेवला तर तो दुपारपर्यंत दुसऱ्या गावात स्थायिक होईल.

येताना अपघात झाला. तिथल्या जुन्या सायकलींना ब्रेक हातात नसतो, पेडल मागे फिरवलं की लागतो. लहानपणापासून मला विचार करताना पेडल मागे फिरवायची सवय. मी एक उत्तम संवाद आठवत होतो. सायकल जागच्या जागी थांबली, मी पुढे गेलो आणि कडेच्या चरात बसलो. तीन बदकं बाजूला सरकली. त्यांनीही अभिनंदन केलं असावं.

मी ओला होऊन घरी आलो तेव्हा अक्का प्रसन्न होती. फार प्रसन्न. निखिल मोबाइलवर पावसाचं ॲप बघून हताश झाला होता. "मामा, उद्या तीन वाजता फुल निळं दाखवतंय. हॉल बुक करायला हवा होता यार."

"काही होत नाही," अक्का म्हणाली. "मी व्यवस्था केलीये."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी बदकांची नक्कल करण्यात गुंतलो होतो.

रविवार: मेदार

सकाळी पुऱ्यांसाठी सायलीने परात शोधली. परात नाही. "आई, परात?"

"ती नको," अक्का म्हणाली. "पातेल्यात भिजव."

सांगलीहून सोळा तास मांडीवर आणलेली परात नको? मी शोधायला निघालो. डच घरात कपडे धुवायचं यंत्र माळ्यावर असतं, का ते कोणी सांगू शकत नाही. मी चढलो. यंत्रावर परात होती. परातीत पाणी होतं. पाण्याखाली, वर बघत, निपचित, संत मेदार पडला होता. छातीवर एक पिवळं फूल तरंगत होतं.

मी रंगमंचावर तीन वेळा मेलो आहे. त्यातल्या एकाही वेळी छातीत इतकं खरं काही झालं नव्हतं.

"अक्का!"

ती शांतपणे वर आली. "ओरडतोस काय? देव पाण्यात ठेवलेत."

"हा देव नाही, हेंकचं चित्र आहे! कागद आहे! आणि देव पाण्यात ठेवतात ते पाऊस पडावा म्हणून!"

"तो महादेव. त्याला पाऊस पाडायचा असतो, याने पाडायचा नाहीये." तिने बोट दाखवलं. "नीट बघ. गाव भिजतंय, पोरंबाळं पळतायत, आणि हा गरुडाखाली कोरडा! ज्याने कधी भिजून पाहिलं नाही त्याला दुसऱ्याची अडचण काय कळणार? म्हटलं, आता तुम्हीही जरा भिजा. बारसं कोरडं जाऊ द्या, लगेच बाहेर काढते."

या युक्तिवादात कुठे खोट आहे ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

"कुंकू लावलंस?" मी घाबरत विचारलं.

"मी काय वेडी आहे? त्यांच्यात चालत नाही. फूल तेवढं ठेवलं."

"अक्का," मी म्हणालो, "उद्या सकाळी हे भिंतीवर लागायचंय. सगळा जून लागणार, आणि आठ तारखेची चौकट रिकामी राहणार. त्यांच्या बायकोची इच्छा होती ही."

अक्का यंत्राला टेकून उभी राहिली. तिचा सगळा जोर उतरला. "त्यांनी आपल्याला हात धुवायला लावले होते रे," ती हळूच म्हणाली. "मी आत्ता जाऊन सांगते त्यांना."

"बारसं होऊ दे. तोवर वाळवू."

आम्ही बाळाचं दुपटं पाण्यात सरकवून त्याच्यावर संताला अलगद उचललं. मग अक्काने बॅगेतून आपली जुनी सुती साडी काढली. मी कापडवाला माणूस, पाणी कुठलं कापड पितं ते मला कळतं. साडीच्या घड्यांत संत ठेवला, वर पुठ्ठे, आणि सपाट राहावा म्हणून सगळ्यांवर निखिलचं दहा किलो तांदळाचं पोतं. हे सगळं मी मुक्कामाला होतो त्या खोलीत, पलंगाशेजारी, जमिनीवर. पोत्याला मी नमस्कार केला.

दुपारी मंडळी जमली. लायडनहून निखिलचा मित्र, एनस्खेडेहून दोन विद्यार्थिनी, आसपासचं सगळं पुणं आणि ठाणं. बागेत पाळणा बांधला. ऊन पडलं होतं! निखिल ॲपवर चिडला. अक्का आभाळाकडे बघून पुटपुटली, "ऐकलं बरं का यांनी," आणि माझ्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं.

हेंक पांढरा शर्ट घालून आले आणि आल्याबरोबर चाळीस जणांचं अभिनंदन केलं. मग माझ्याकडे आले. "मेदार कसा आहे?"

"विश्रांती घेतोय," मी म्हणालो.

"अभ्यास झाला?"

"फार खोलवर."

नाव आत्याने बाळाच्या कानात सांगायचं असतं, आणि ते सांगताना बायका आत्याच्या पाठीत गुद्दे घालतात. आत्या, म्हणजे निखिलची बहीण, पुण्यात, फोनच्या पडद्यावर. फोन पाळण्याजवळ उंचावरून धरायला हेंक सोडून योग्य माणूस नव्हता. त्यांनी वाकून फोन बाळाच्या कानाशी नेला. आत्या पडद्यातून म्हणाली, "कुर्रर्र... मीरा!" आणि आता प्रश्न पडला. गुद्दे कोणाला घालायचे? फोनला पाठ नाही. एनस्खेडेच्या एका विद्यार्थिनीने क्षणभर विचार केला आणि फोन धरणाऱ्याच्या पाठीत घातला. मग रीतसर सगळ्यांनी घातले. हेंक कमरेत वाकलेले, फोन न हलवता, मार खात राहिले.

"का?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही आत्या आहात," मी म्हणालो.

"दांक यू," हेंकनी डचमध्ये आभार मानले.

मग त्यांनी विचारलं मीरा म्हणजे कोण, मी म्हणालो एक संत, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्याच क्षणी आभाळाचा झाकोळला. पहिला थेंब बासुंदीत पडला. दुसरा माझ्या टकलावर. तिसरा मोजायला वेळ मिळाला नाही, कारण सगळं आभाळ एकदम खाली आलं, चित्रातल्यासारखं, रेघांनी भरून.

चाळीस माणसं, एक पाळणा आणि तीन पातेली दोन मिनिटांत त्या घरात शिरली. खालची खोली भरली. स्वयंपाकघर भरलं. जिन्याच्या दर पायरीवर एक इंजिनिअर बसला. मागून रेटा येतच होता, आणि सगळ्यांत पुढे, सगळ्यांत उंच, हेंक वर ढकलले जात होते.

"हेंक, तिकडे नको!" मी जिन्याखालून ओरडलो. मी श्रीखंडाची वाटी डोक्यावर धरून इंजिनिअरांच्या मांड्यांवरून चढलो. पोचलो तेव्हा माझ्या खोलीत पंधरा माणसं होती, पलंगावर बायका, खिडकीत पोरं, आणि हेंक बसायला जागा शोधत शेवटी तांदळाच्या पोत्यावर बसले होते. स्वतःच्या संतावर. पुरी खात.

मी त्यांच्याशी हवापाण्याबद्दल बोललो. मी त्यांना बदकांची नक्कल करून दाखवली. ते हसले आणि पोत्यावर अजून ऐसपैस झाले.

तेवढ्यात अक्का आली. तिच्या हातात बाळ होतं. तिने पोतं पाहिलं, पोत्यावरचा माणूस पाहिला, बाळ सायलीकडे दिलं आणि सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली.

"हेंकराव, उठा जरा. तुमचे देव खाली आहेत."

"ती म्हणते," मी घाईने म्हणालो, "तुम्हाला खुर्ची—"

"विन्या, तू गप्प बस." आणि तिने अभिनयाने सगळं सांगितलं. मेदारसारखी उभी राहिली. डोक्यावर पंख केले. पाऊस केला. परात केली, परातीत त्याला निजवलं. मग दोन्ही कान धरले. मी तीस वर्षं रंगभूमीवर आहे, पण सांगतो, प्रेक्षक असे गप्प मी कधी केले नाहीत.

हेंक उठले. पोतं मी सरकवलं, पुठ्ठे काढले, साडीची घडी उघडली. त्यांनी चित्र दोन्ही तळहातांवर घेतलं, खिडकीशी नेलं आणि बघत राहिले. बाहेर पाऊस, हातात पाऊस. अक्काने कान अजून धरलेलेच होते.

"वलय कुठाय?" हेंक म्हणाले.

मी वाकून पाहिलं. पायाशी ती विहीर नव्हती. डोळे बारीक करून शोधावी इतकी पुसट एक सावली होती, बस्. सगळ्या कागदाची पिवळट झाकही निवळली होती आणि पावसाच्या रेघा जागच्या जागी, काळ्याभोर.

"शाई तेलाची असते," हेंक स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "ती पाण्याला हलत नाही. आणि हा कागद जुन्या चिंध्यांचा. लोकांच्या फाटक्या सदऱ्यांचा. ओलाच छापतात. जाणकार लोक असली चित्रं धुतात, मला माहीत होतं. माझी हिंमत झाली नाही."

चिंध्यांचा! मी जन्मभर कापड विकलं आणि सदरा पाण्यात पडला म्हणून ओरडलो होतो.

मग हेंक हसायला लागले. आधी खांदे हलले, मग सगळे मजले. ते वलय त्यांच्या कॉफीच्या कपाचं होतं. चित्र आणलं त्याच दिवशी त्यांनी कप ठेवला होता. "त्यानंतर दर आठ जूनला," डोळे पुसत ते म्हणाले, "मार्ग्रीत मला हे चित्र दाखवायची. एक शब्द बोलायची नाही. नुसती दाखवायची. आता वर गेलो की काय दाखवेल? पुरावाच राहिला नाही!"

मी भाषांतर केलं. अक्काने कान सोडले.

त्यानंतर: पाऊस

सोमवारी मेदार भिंतीवर लागला. सबंध जूनमध्ये तोच एक अंघोळ केलेला दिसत होता. गावातल्या एका म्हातारीने हेंकना विचारलं की बाकीच्यांनी काय पाप केलं.

त्यामुळे पुढचे सगळे दिवस असे गेले. पाऊस थांबला की हेंक पेटी घेऊन कुंपणापलीकडून येत. अक्का साबणाने हात धुऊन परातीसमोर बसे. पाणी बदलायचं, फूल ठेवायचंच, मग दुपटं, मग साडी, मग पोतं. जाळीवरचा संत थंड पाण्यात पडलेला पाहून मला बरं वाटलं. डाग सगळे हेंकचे होते. कॉफी, वाइन, एकदा मोहरीची चटणी. "किती सांडलंत हो!" अक्का म्हणायची, आणि भाषांतराची गरज नसायची. पोळ्या करायला परात मोकळी नव्हती, म्हणून आम्ही ब्रेड खात होतो. आणि पाऊस पडत होता. रोज. संताने शब्द पाळला होता.

आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी पेटीत तळाला एकच चित्र राहिलं. वीस जुलै, संत मार्गारेट, म्हणजे डचमध्ये मार्ग्रीतच. एक बाई निवांत उभी, पायाखाली ड्रॅगन. त्याच्या शेपटीवर तांबूस, अंगठ्याएवढा ठसा. अंगठ्याचाच ठसा. रेषासुद्धा दिसत होत्या.

अक्काने पाणी बदललं आणि हात पुढे केला. हेंकनी चित्र दिलं नाही.

"हा नाही," ते म्हणाले. "हा माझा डाग नाही. स्ट्रॉबेरीचा जॅम. तिचा अंगठा."

त्या प्रवासात पहिल्यांदा मी जसंच्या तसं भाषांतर केलं.  अक्काने हात पदराला पुसले, पूर्ण कोरडे केले, आणि मग चित्राकडे वाकून पाहिलं.

"आणि हा पायाखालचा राक्षस कोण?"

"मी," हेंक म्हणाले.

अक्का इतकी हसली की बाळ जागं झालं. हेंकनी मार्गारेट पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि दार उघडलं, तर बाहेर पुन्हा सुरू झालेला. येताना ऊन होतं, त्यामुळे छत्री नाही, रेनकोट नाही. ते उंबऱ्यात थांबले, पेटी शर्टाखाली घालून बघितली, मावेना.

अक्काने परातीतलं पाणी मोरीत ओतलं. परात उलटी केली, दोन्ही हातांनी उचलली आणि बाहेर निघाली. उंची कमी पडत होती, म्हणून चवड्यांवर चालत, हात ताणून, तिने ती परात पेटीवर धरली. पावसाचे थेंब परातीवर ताशासारखे वाजत होते. हेंक हळू चालत होते, ती पावलं जुळवत होती, कुंपणाच्या कडेने, फाटकातून, त्यांच्या दारापर्यंत.

दोघं चिंब भिजली. मार्ग्रीत कोरडी.